राहीला उचलून घेण्यापूर्वीची माझी तयारी

रत्नागिरी,
दिवाळीनंतरचा रविवार

ती. चंपाआक्कास,

धाकट्या राजारामचा सप्रेम जयभीम. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला उतरला का? सावर्ड्याला हवा जरा कोरडी असते म्हणतात, तेव्हा तुमचं बरंच चाललं असणार असं धरून चालतो. फोन का नाही केला म्हणशील. तुझ्याशी फोनवर बोलायचं तर आवाज चढवावा लागतो (तुझ्या कानामुळे, राग मानू नकोस), आणि आवाज चढवला की मालनला सगळं ऐकू येतं. म्हणून हे पत्र.

आक्का, मी दमलो आहे. नोकरीत असताना दमलो नव्हतो एवढा या निवृत्तीत दमलो, आणि तेही स्वतःच्या कातडीपायी. सुरुवात आषाढात झाली. तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे त्या दिवसांत कपडा दोरीवर चार दिवस लोंबला तरी ओलाच, आणि मी पडलो घाईचा माणूस. दमट बनियन, दमट लेंगा, अंगाच्या उबेवर वाळतील म्हणून तसेच चढवायचे. मग कमरेला नाडीच्या जागी खाज सुटली. आधी वायच, मग चांगली. बघतो तर बांगडीएवढं लाल वर्तुळ. नायटा. (मी, ज्याने उभा जन्म शाळेत मुलांना वैयक्तिक स्वच्छतेचा धडा शिकवला आणि प्रार्थनेनंतर रांगेत उभं करून नखं तपासली, त्या मला नायटा!) लाजेने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त शेजारच्या केरूभाऊंना, कारण ते स्वतःही कुंपणाच्या खांबाला पाठ घासत होते. त्यांनी आतून एक ट्यूब आणली. म्हणाले, "गुरुजी, दोन दिस लावा, जागा शोधून सापडायची नाय." आणि खरंच सापडेना! मी ट्यूब परत केली. पुढच्या आठवड्यात जागा सापडली, आणि तिच्या शेजारी आणखी दोन.

मग मी स्वतःची अक्कल चालवली. निवृत्त शिक्षकांची सहल गणपतीपुळ्याला निघाली होती. खाऱ्या पाण्याने सगळं मरतं असं माझं पक्कं मत. बाकीचे दर्शनाच्या रांगेत आणि मी समुद्रात, कमरेइतक्या पाण्यात बैठक मारून. किनाऱ्यावरच्या रखवालदाराने शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले. मी त्याला हात करून सांगतोय की बाबा, मी पोहत नाही, औषध घेतोय. बाहेर आलो आणि जी आग झाली, आक्का, मी सुरूच्या झाडाला मिठी मारली. मिठीच म्हणायची, कारण पुढची बाजू झाडाला घासत होती. कुठल्यातरी पर्यटकाने फोटोही काढला. परतीच्या गाडीत ओल्या विजारीत, वाळूसकट, खिडकीच्या काचेकडे बघत बसलो. घरी पोचेपर्यंत तीन वर्तुळांचा एक नकाशा झाला होता.

तोवर मालनला सुगावा लागला होता. तिने मला काही विचारलं नाही, सरळ मुंबईला दीक्षाला फोन लावला. दीक्षा दसऱ्याला बाळाला घेऊन यायची होती. राहीला मी अजून मोबाइलच्या काचेतच बघितलं होतं; तिकडून कुणीतरी तिचा हात धरून हलवायचं आणि मी इकडून टाटा करायचा. दीक्षा म्हणाली, "पप्पा, हे पसरतं. डॉक्टरकडे जा. बरे झालात की मी राहीला आणते. तोवर नाही." आवाज चढवला नाही पोरीने, त्यामुळे जास्त लागलं. त्या रात्री मी जेवलो नाही असं मालन सांगेल. ते खरं नाही. दोन घास कमी जेवलो.

डॉक्टरीणबाई वयाने लहान. मला आजोबा म्हणाल्या, तेही सोडून दिलं. ट्यूबचं नाव ऐकल्याबरोबर त्यांनी कपाळाला हात लावला. त्या ट्यूबने खाज दबते, नायटा आतून वाढतो म्हणे. मग गोळ्या, नवं मलम आणि वर नियम. पाणी कोमट. काथ्याने अंग खरवडणं बंद. कपड्याचा साबण अंगाला बंद (मी दोन्हीला एकच वापरायचो, काटकसर म्हणून). अंग पुसायचं नाही, टिपायचं, बोटांच्या बेचक्यांसकट. टॉवेल स्वतःचा वेगळा. कपडे उकळत्या पाण्यातून काढायचे, ऊन नसेल तर इस्त्री करायची. आक्का, आमच्या आळीत इस्त्रीची चड्डी घालणारा मी पहिला माणूस. आणि रोज सकाळी पडवीत मालन माझी नखं तपासते. मी हात पुढे करून उभा असतो आणि समोरून केरूभाऊ बघत असतात.

तीन आठवड्यांत खाज गेली. झालो की बरा, म्हणून मी गोळ्या बंद केल्या. मालनला उशीखाली उरलेलं पाकीट मिळालं त्याच दिवशी कमरेलाही पुन्हा लाली मिळाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला खाज थांबवायचीय की नातीला घ्यायचंय?" पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दसरा गेला. दीक्षा आली नाही. सोनं घेऊन लोक आले, मी लांबूनच हात जोडले. त्यानंतर मात्र एकही गोळी चुकवली नाही, कुणाला खोटं वाटलं तरी.

दिवाळीच्या सुट्टीत दीक्षा आली. डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशी कंबर तपासून परवानगी दिली होती. मी कोमट पाण्याने आंघोळ केली, बेचक्या टिपल्या, इस्त्रीचा सदरा घातला, हात धुतले आणि पडवीत नापास होऊन फेरपरीक्षेला बसलेल्या मुलासारखा बसलो. दीक्षाने राहीला माझ्या मांडीवर ठेवलं. राहीने माझ्याकडे बराच वेळ बघितलं (काचेतला माणूस हाच का, असं काहीसं), आणि मग हात वर करून माझं नाक ओरबाडलं. डोळ्यांत पाणी आलं. नाकामुळे. मी म्हटलं, "दीक्षा, हिची नखं वाढलीत गो." यावर दीक्षा आणि मालन एवढ्या हसल्या की राही दचकून रडायला लागली, पण मी तिला परत दिली नाही.

परवा त्या गेल्या. मला वाटलं, आता सुटलो. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध संपत आलं, सवयी राहतील. कायमच्या." वर कातडी कोरडी पडू नये म्हणून आंघोळीनंतर लावायचं आणखी एक मलम दिलं.

तुझा,
कोमट पाण्याने थकलेला,
राजाराम

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मला आठ दिवस तुझ्याकडे ठेवून घेशील का? तुझ्या न्हाणीतलं ते रटरटीत पाणी आठवतं. दोन तांबे जरी पाठीवर मिळाले तरी पुरे. मालनला यातलं काही बोलू नकोस.

ता. क. २. काथ्या मी घेऊन येईन.

वन्सं, मालनचा जयभीम. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं, पाकीट चिकटवायचं मात्र हे विसरले. पाणी कोमटच ठेवा. काथ्या मी काढून घेतलाय. पण यांना ठेवून घ्या, आठ दिवस कशाला, महिनाभर ठेवा. पाठीला यांचा हात पोचत नाही, मलम तुम्हालाच लावावं लागेल, आणि लावताना हे हलतात. दसऱ्याच्या आधीपासून यांचे कपडे उकळत्या पाण्यातून काढून माझ्या हातांची सालं निघालीत. काल डॉक्टरीणबाईंनी स्वतःहून माझे हात बघितले. मलम दिलं आणि म्हणाल्या, थोडे दिवस हात पाण्याबाहेर ठेवा. हे घरात असताना ते व्हायचं नाही. बुधवारी एस.टी.त बसवून देते. परतीच्या तिकिटाची घाई करू नका.