जुना शब्द, नवा शब्द

३ सप्टेंबर

आले एकदाची जालन्यात! नवीन जालन्यात, स्टेशनजवळ, वरच्या मजल्यावर खोली मिळाली. एकटीची. खिडकीखाली मोटारसायकलींचा नुसता गोंगाट, पण वारा झकास येतो. परतूरला आईजवळ बसून राहिले असते तर गल्लीनं डोकं खाल्लं असतं. घटस्फोट झालेली मुलगी म्हणजे सगळ्यांना फुकटची करमणूक.

लग्नात राधेश्यामनं ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘शालू’ लिहिलं, आणि त्या दिवसापासून आधारकार्डापर्यंत मी शालूच. त्या नावानं हाक आली की पुढे मार असायचा. अजूनही कुणी शालू म्हटलं की पाठ आखडते. आईनं मात्र ते नाव एकदाही तोंडात घेतलं नाही. संध्याकाळी तिचा फोन आला. जेवलीस का, कडी लावलीस का, आणि शेवटी नेहमीप्रमाणे माझं लांबलचक नाव, न तोडता, प्रियदर्शनी. दिवसभरात माझ्याशी बोलणारी ती एकच. तेवढं पुरतं मला.

६ सप्टेंबर

काम बियाण्याच्या कंपनीत. गावोगावच्या प्लॉटवर कपाशीचं क्रॉसिंग चालतं, म्हणजे बायका एका वाणाचे पराग हातानं दुसऱ्या वाणाच्या फुलाला लावतात. त्यांची नावं, शेतकऱ्यांची नावं, वाणांची नावं, आम्हा कर्मचाऱ्यांची माहिती, सगळं एकाच फोल्डरात, हजारो फायलींत.

शेजारच्या टेबलावरच्या आमेरभाईंनी त्यासाठी एक चिमुकलं साधन लिहिलंय. ना चित्र, ना बटण. काळ्या पडद्यावर ते विचारतं, जुना शब्द? तो टाकायचा. नवा शब्द? तो टाकायचा. एंटर मारला की फोल्डरातल्या सगळ्या फायलींत जुन्याच्या जागी नवा. कंपनीनं एका वाणाचं नाव बदललं होतं, ते मी पापणी लवायच्या आत सगळीकडे बदलून टाकलं.

आमेरभाईंनी बजावलं, “म्याडम, नवा शब्द फायलीत आधीपासून हाय का ते बराबर बघत जा. एकदा मिसळलं की मंग आपलं कोनतं आन् आधीचं कोनतं, बिलकुल निवडता येत न्हाई.” मी म्हटलं, निवडायला काय, आपण धान्य घेऊन बसलोय का? हसले बिचारे.

घरी येताना चहाच्या टपरीवर दोन म्हातारे शेतकरी वाणाचं नवं नाव घेत होते, अगदी वर्षानुवर्षं तेच पेरल्यासारखं. जाहिरात जोरात दिसते!

११ सप्टेंबर

आज माझी स्वतःची फाईल दिसली. शालू. इथेही! हापिसात विचारलं तर म्हणे अर्ज करा, कागद जोडा, बघू. आमेरभाई सुट्टीवर. मग म्हटलं, साधन आहे की. जुना शब्द, शालू. नवा शब्द, प्रियदर्शनी.

त्याला एकच फाईल देता येत नाही, सगळं फोल्डर एकदम घेतं. या नावाच्या आणखी दोन-चार जणी असतील तर नंतर हातानं नीट करू, असं ठरवलं आणि एंटर मारला. ओळी भराभर धावल्या. इतकं हलकं वाटलं की डबा उघडायचंच विसरले.

१२ सप्टेंबर

काय सांगू! पहारेकरी, साहेब, सगळे आपसूक प्रियदर्शनी म्हणतात. कुणाला काही सांगावं लागलं नाही. आधारकार्ड काढून पाहिलं, त्यावरही तेच, वडिलांच्या आडनावासकट. घटस्फोटाचा कागद ट्रंकेत सापडेना. परतूरला राहिला असेल. नसला तर नसला, उलट बरंच.

१४ सप्टेंबर

आज आईचा फोन नाही. मीच लावला. मी प्रियदर्शनी म्हटल्यावर तिनं विचारलं, “कोनती?”

थट्टा करते असं वाटलं. पण आई कधी थट्टा करत नाही. मागे बायकांचे आवाज येत होते. पाहुण्या आल्यात का विचारलं तर म्हणाली, पाहुण्या कशाच्या, लेकी हायत. तिला माझ्याशिवाय मूल नाही.

१६ सप्टेंबर

बदनापूरकडच्या एका खेड्यातून कल्याण नावाचा माणूस हापिसात आला. त्याची बायको आमच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जाते. परवा काम करता करता उठली, माझं लग्नच न्हाई झालेलं म्हणाली, आणि परतूरला आईकडं म्हणून निघून गेली. तिचं माहेर परतूरचं नाहीच. घरी लहान पोर आहे, रडून रडून त्याचा आवाज बसलाय. “तुमच्या प्लॉटवर फवारनी झाल्ती का काही? डोक्यात गेलंय तिच्या.”

मी नाव विचारलं. तो बोलायला गेला आणि अडखळला. मग म्हणाला, प्रियदर्शनी. पण हे नाव तोंडात बसून न्हाई राह्यलं, म्हणाला.

मी पाणी प्यायला उठले आणि परत त्याच्यासमोर जाऊ शकले नाही.

१७ सप्टेंबर

परतूरला गेले. ओसरीवर पाचजणी. आई एकीच्या केसांना तेल लावत होती. मला बघून म्हणाली, ये, तू बी बस. भाकरी केली आणि सगळ्यांना सारखी वाटली.

ओळख पटावी म्हणून मी तिला लहानपणी विहिरीवर पडून माझा दात तुटल्याचं सांगितलं. एकीनं हसून आपला तुटका दात दाखवला. मग दुसरीनं. सगळ्यांचा तोच.

आई मला ओळखते. पण तेवढीच, जेवढी त्यांना. निघताना मी तिचा हात धरला. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, खूप वेळ, डाळीत खडा शोधावा तसं. आणि हात सोडून दिला.

गाडीत बसून रडले. कुणी विचारलं नाही का रडतेस.

१८ सप्टेंबर

कल्याणच्या बायकोची ओळ हातानं दुरुस्त केली. काही झालं नाही. माझीही करून पाहिली. नाहीच. ते फक्त त्या काळ्या पडद्याचं ऐकतं.

आमेरभाई परत आलेत. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, आता एकच. उलटं फिरवा. पण मंग प्रियदर्शनी एक बी ऱ्हानार न्हाई, आधीची असंल ती बी शालू व्हईल. तुम्ही बी.

मी बी.

१९ सप्टेंबर

कल्याण पोराला घेऊन आला होता. पोर फाटकाशी बसलं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत —

जुना शब्द टाकलाय. नवा टाकवत नाही. भीती वाटते. खूप. आईला एकदा फोन — लागला. “कोनती?”

कोणतीच नाही, आई.

टाकला. एंटर —

२० सप्टेंबर

बायका आपापल्या घरी गेल्या. कल्याणचा हापिसात फोन आला, शालू आली म्हणाला. रडत होता.

आईला फोन लावला. म्हणाली, मला मूलबाळच न्हाई बाई. नंबर चुकला असेल. आवाज किती एकटा होता —

गळ्यात मंगळसूत्र आहे. मी घातलेलं नाही. घटस्फोटाचा कागद काही परत आला नाही. ओढते, तुटत नाही —

खाली मोटारसायकल थांबली. राधेश्याम. हाक मारतोय. शालू. वर बघत नाही, नुसती हाक. मला माहेर नाही. मला जायचं नाही. कडी लावलीय. माझं नाव — ते दुसरं, लांब — आत्ता होतं —

जिन्यावर पावलं. हाक. मी तोंड दाबून धरलंय. पण आतून “ओ” निघतंय, आपसूक, आणि हात कडीकडे —