सात नंबरचं कापड

बाबा, ज्या माणसाच्या लग्नाचा कोट शिवायला तुम्ही नाही म्हणालात, त्याची आठवण मला परवाच्या रविवारी जर्मनीत, बेसबॉलच्या मैदानावर झाली. बेसबॉल म्हणजे काय ते सांगत बसत नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "विटीदांडूच की, फक्त विटी गोल." तेवढं पुरे आहे. आणि इथे तो कोण खेळतं म्हणाल, तर फारसं कोणीच नाही. इंगोलश्टाटच्या बाहेर, गाड्यांच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्यांचं एक लहान गाव आहे, तिथे मक्याच्या शेताला लागून एक मैदान, आणि मैदानाच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांची लाकडी बाकं. त्यावर पन्नासेक माणसं बसतात, त्यांतली निम्मी खेळणाऱ्यांच्या घरचीच. एवढ्याशा जत्रेत इमान, परंपरा, रक्त असले शब्द जेवढे उधळले जातात तेवढे मी आपल्या कबड्डी मंडळातसुद्धा ऐकले नव्हते, आणि आपलं मंडळ त्या बाबतीत कोणाला हार जाणारं नव्हतं.

इथे मंडळाला फेराइन म्हणतात. लेकीला खेळायचं होतं म्हणून आम्ही सभासद झालो. पोर एकटं सभासद होत नाही, त्याच्यामागे अख्खं घर राबायला लागतं. माझ्या वाट्याला सॉसेज भाजायचं काम आलं. जन्मात अंड्याला हात न लावलेला मी, चिमटा घेऊन डुकराचं मांस उलटंपालटं करत उभा राहायचो, आणि करपलं की लोक मलाच बोलायचे. त्या धुरातून मला सोडवलं ते संघाच्या कॅचरने. फलंदाजाच्या मागे, तोंडावर जाळी बांधून उकिडवा बसतो तो कॅचर, आपला यष्टीरक्षक समजा. हा गावच्या शाळेची बस चालवायचा आणि सतरा-अठरा वर्षं त्याच जागी उकिडवा बसलेला होता. एकदा त्याच्या सदऱ्याची खांद्याची शिवण उसवली, आणि मी म्हटलं, आण इकडे. तेव्हापासून दर मोसमात दोनदा तरी तो सात नंबरचा सदरा माझ्या मांडीवर असायचा. त्याच्या मोबदल्यात त्याने अध्यक्षांना सांगून मला चिमट्यापासून मुक्ती दिली, लेकीला चेंडू झेलायला शिकवलं, आणि मी गावात नवा असताना, माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं तेव्हा, सामना संपल्यावर माझ्या शेजारी बसून तो अर्धा-अर्धा तास गप्प राहायचा. गप्प बसायला सोबत देणारा माणूस परमुलखात मिळाला तर त्याला जपावं. मी जपायचं ठरवलं होतं.

शिवण तुमच्याच हातची होती, म्हणजे तुमच्या हाताची नक्कल होती. दुहेरी टाका, मध्ये आडवी गाठ, आतून पट्टी. मी पुण्याला कॉलेजला निघालो तेव्हा तुम्ही ते पितळेचं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं टोपण, माझ्या खिशात टाकलंत आणि म्हणालात, "इंजिनियर झालास तरी बटण तुटतंच." बोटात बसतं ते, पण जरा सैल. तुमचं बोट जाड होतं. आजही कोटाच्या आतल्या खिशात असतं, पासपोर्ट घरी विसरेन पण ते नाही.

तर आता तुमच्या सात नंबरकडे येतो. मी शाळेत होतो, शाळा सुटली की दुकानात बसून मंडळाच्या बनियनींचे लोंबणारे धागे कापायचो. अख्ख्या संघाचे कपडे तुम्ही फुकट शिवायचात, आणि पाठीवरचे नंबर पांढऱ्या पॉपलिनचे कापून लावायचात. सात नंबर घालणारा गडी माझ्या जन्माच्या आधीपासून मंडळात चढाई करत होता. समोरच्या कोर्टात जाण्याआधी तो मातीला हात लावून कपाळाला लावायचा आणि मग वळून एकदा तुमच्याकडे बघायचा. तुम्ही मान हलवायचात. मला वाटायचं तुम्हीच त्याला आत पाठवता. मग त्याला मुंबईत एका बँकेच्या संघात घेतलं, कायमची नोकरी दिली. त्याच्या जागी दुसरा कोणीही गेला असता, त्याचा बाप हमाली करत होता. पण मंडळातले लोक, ज्यांतल्या एकालाही कुठली बँक शिपाई म्हणून घेणार नव्हती, ते कट्ट्यावर बसून त्याला गद्दार म्हणू लागले. तुम्ही नवीन बनियनीवर सात नंबर शिवलात.

पुढच्या वर्षी आपल्या स्पर्धेला तो बँकेच्या निळ्या बनियनीत आला. मी दोरीला चिकटून बसलो होतो. त्याने आपले तीन गडी एका चढाईत टिपले आणि मी उभा राहून टाळ्या पिटल्या. तुम्ही मला बखोटीला धरून मागे ओढलंत आणि सगळ्यांसमोर थोबाडीत दिलीत.

"कोणासाठी टाळ्या वाजवतोस?"

"आपल्या सात नंबरसाठी."

"आपला सात नंबर तो बघ." तुम्ही आपल्या बाजूच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका घाबरलेल्या पोराकडे बोट दाखवलंत. बेकरीवाल्याचा पोरगा, बनियन त्याला गुडघ्यापर्यंत आली होती. "कापड आपलं. आतलं अंग बदलत असतं."

शिंप्याच्या तोंडी शोभणारं वाक्य होतं, आणि लोकांनी ते उचललं. पुढे कितीतरी वर्षं कट्ट्यावर कोणीही शहाणपणा पाजळायचा झाला की "कापड आपलं" म्हणायचा आणि तुमच्या दुकानाकडे बघायचा. मला त्या वाक्याची किळस होती. अजून आहे. माणूस तुमच्यासाठी गुडघे फोडून घेतो, आणि तुम्ही पाठीवरच्या चिंधीला नमस्कार करता. बरं, त्या बेकरीवाल्याच्या पोराचं तरी काही केलंत का? दोन सामने हरल्यावर त्याचीही बनियन काढून घेतलीत. तुमचं प्रेम धोब्याच्या गाठोड्यावर होतं, बाबा. त्यात कोण होतं, नव्हतं, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नव्हतं.

हे सगळं मी तरी विसरलो असतो. पण तो बँकेतला सात नंबर लग्न ठरल्यावर कापड घेऊन दुकानात आला. राखाडी टेरीवूल, चांगलं जाड. मी काज करत बसलो होतो. तुमच्या गळ्यात टेप होती.

"काका, कोट शिवायचाय. लग्न आहे."

"माप घेत नाही."

"वेळ नाही का?"

"वेळ आहे."

तो कापड पुन्हा कागदात गुंडाळून गेला. तुम्ही मशीन चालू केलंत. तुमच्या दहाव्याला तो आला होता, तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. केस पिकलेले, बँकेतून निवृत्तीला आलेला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "लग्नात रेडिमेड घातला रे मी. खांद्यात बसला नाही. सगळ्या फोटोंत एक खांदा वर दिसतो." हसला. तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द बोलला नाही. मला तेव्हा तुमच्या पिंडाला कावळा शिवू नये असं वाटलं होतं. लगेच शिवला. तुम्ही कसलीही रुखरुख न ठेवता गेला होतात.

म्हणून मी ठरवलं होतं की आपण माणसाच्या बाजूचे. कापडाच्या नाही. सोपं होतं, माझ्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात फेराइनने आमच्या कॅचरला रजा दिली. गुडघे गेले म्हणे. त्याला फुलांचा गुच्छ दिला, बिअरचा मग दिला, अध्यक्षांनी भाषण केलं की तू म्हणजे या संघाचा आत्मा आहेस, आणि भाषण संपल्यावर त्याच दमात सांगितलं की सदरा धुऊन, इस्त्री करून परत आणून दे. सभासदांच्या सभेत मी हात वर केला आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं की सात नंबर निदान काही वर्षं बाजूला ठेवू, कोणाला देऊ नका. अध्यक्ष, जे दिवसा विम्याचं काम करतात आणि संध्याकाळी इतिहास घडवतात, चष्मा काढून म्हणाले, "हे बघा, सदरा फेराइनचा आहे. आणि सात नंबर एक्सएल मापाचा आहे. नवा मुलगा एक्सएल आहे." सगळ्या खोलीने "गेनाऊ, गेनाऊ" केलं, म्हणजे अगदी बरोबर, अगदी बरोबर. बाबा, मला वाटलं तुम्हीच बोललात. हजारो मैल लांब, परक्या भाषेत, कापड आपलं. फरक एवढाच की तुम्ही ते मान ताठ करून म्हणाला होतात आणि हे माप सांगून म्हणाले.

आमचा कॅचर शेजारच्या गावच्या संघात गेला. तिथे त्याला महिन्यातून दोन सामने तरी खेळू देणार होते. मग आमच्या बाकांवरच्या मंडळींची तोंडं बघण्यासारखी झाली. सतरा वर्षं त्याच्या नावाच्या आरोळ्या ठोकणारी माणसं म्हणायला लागली की शेवटी दाखवलीच जात. त्या गावाचं नाव ते आंबट चाखल्यासारखं घेतात. दोन्ही गावांना बेकरी एक, दातांचा डॉक्टर एक, आणि बहुतेकांच्या बायका तिकडच्याच. वैर धरायला तरी काही जागा हवी की नाही?

मी बसच्या थांब्यावर त्याला गाठलं आणि सांगितलं, "आमच्याविरुद्ध तुझा पहिला सामना असेल तेव्हा मी तुमच्या बाजूच्या बाकावर बसणार." तो म्हणाला, "बसायलाच पाहिजे असं नाही." मी म्हटलं, "बसणार." त्याने माझा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला. इथली माणसं तेवढंच करतात, त्यात पुष्कळ आलं.

रविवारी मी बसलो. लेक बरोबर होती. "पापा, विअर झित्सेन फाल्श," ती म्हणाली, म्हणजे आपण चुकीच्या बाजूला बसलोय. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्येच येतं. मी तिला मराठीत म्हटलं, "आपण माणसाच्या बाजूला बसलोय." तिने डोळे फिरवले आणि फोन काढला. समोर, मैदानापलीकडे, आमच्या बाकांवरची टाळकी माझ्याकडे बघून कुजबुजत होती. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. नीतीच्या उंच खुर्चीत बसल्यासारखं वाटत होतं. जाळीमागून त्याने एकदा हात वर केला. मीही केला.

शेवटचा डाव. बरोबरी. आमचा नवा पोरगा, तो एक्सएल, शेवटच्या तळाकडे धावत सुटला. त्या तळावर पोहोचला की धाव. तळाच्या मागे आमचाच म्हातारा कॅचर, शेजारच्या गावच्या लाल सदऱ्यात, चेंडूची वाट बघत उकिडवा. मी मनात म्हणत होतो, पकड त्याला, पकड. पोरगा जमिनीवर घसरत आला, म्हातारा त्याच्यावर झेपावला, दोघं धुळीत एकत्र लोळले. पंचाने हात पसरले, धाव झाली. पोरगा उठला तो पाठ माझ्याकडे करून. सात नंबर. खांद्याला धूळ, पण शिवण तशीच्या तशी. दुहेरी टाका, आडवी गाठ. एवढ्या ओढाताणीत एक दोरा सुटला नव्हता.

मी कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही. लेकीने माझा शर्ट ओढला तेव्हा कळलं की मी टाळ्या वाजवतोय, जोरजोरात, लाल सदऱ्यांच्या मधोमध उभा राहून. आणि तोंडाने आपल्या मंडळाची आरोळी देतोय, जी चाळीस वर्षांत दिली नव्हती. आजूबाजूचे लोक सरकून बसले. जाळी वर करून तो बघत होता. रागाने नाही. कुतूहलाने, एखादं जुनं भांडं अचानक गळायला लागलं की बघावं तसं.

सामना संपल्यावर तो माझ्याकडे आलाच. त्याच्या मनात काही नव्हतं. नवा लाल सदरा खांद्यावर उसवला होता, मघाच्या झटापटीत. स्वस्तातलं काम, एकेरी टाका, आतून पट्टी नाही. तो बोटाने भोक दाखवत म्हणाला, "यांची शिवण बघ. करशील?"

त्या लाल रंगाकडे बघत मी म्हटलं, "आज नाही. अंगुस्तान घरी राहिलं."

"बरं, चालेल," तो म्हणाला. मग माझ्या शेजारी बसला, पूर्वीसारखा, गप्प. मीच आधी उठलो.

हे पत्र टाकायचं कुठे? तुमच्या दुकानात आता मोबाईलची दुरुस्ती चालते, आणि तुम्ही तर त्याहूनही लांब. लिहून झालं की घडी घालून ठेवीन. आत्तापर्यंत तुम्हाला जे जे बोललो त्यातलं काही मागे घेत नाही. त्या कोटाबद्दल मी तुम्हाला कधी माफ करणार नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. अंगुस्तान घरी नव्हतं, बाबा. खिशात होतं, आणि मी ते मुठीत धरून ठेवलं होतं.