वगळलेली जोडी

बाई,

तुम्ही शाळेतल्या निम्म्या पोरांचे वाढदिवस एक जूनला लावले होते. माझाही. आईला तारीख आठवत नव्हती. ती म्हणाली, "बाजरी काढायला आलती तवा झाली," आणि तुम्ही दाखल्याच्या रजिस्टरात तुमच्या त्या सुबक अक्षरात एक जून लिहिलं, कारण त्या तारखेने माझं वय भरत होतं आणि वर्ष वाया जात नव्हतं. मी आता ज्या कामात आहे तिथे मुलांचं वय महिन्यांत मोजतात. वाचनाच्या चाचणीत सात वर्षं दोन महिने आणि सात वर्षं नऊ महिने या दोन वेगळ्या गोष्टी असतात. आपल्याकडच्या मुलांची यादी उघडली की आलेखात एक जूनचा खांब सगळ्यांच्या वर जातो. शेजारी बसणारा सहकारी विचारतो, त्या दिवशी तुमच्याकडे असतं काय? मी सांगते की तो शाळेने दिलेला वाढदिवस आहे. शाळेने म्हणजे कोणी, ते सांगत नाही.

आठ वर्षांपूर्वी मी पीएचडीचं काम घेऊन तुमच्याकडे आले. पडेगावच्या पुढे, दौलताबाद रस्त्यावरून आत, तीच शाळा, तोच टिनाचा व्हरांडा, आणि तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मुलांचं वाचन आणि गणित यात रक्तातून आलेलं किती आणि घरातून आलेलं किती, हे आम्हाला पाहायचं होतं. त्यासाठी मूल आणि आई अशा जोड्यांची लाळ हवी होती. आईकडे जे असतं त्यातलं निम्मंच मुलात उतरतं. जे निम्मं उतरत नाही त्याचाही मुलाच्या शिक्षणावर परिणाम दिसला, तर तो आईच्या वागण्यातून, घरातूनच आलेला असणार. हे मी तुम्हाला फळ्यावर आकृती काढून समजावलं. तुम्ही चष्मा कपाळावर सारलात आणि म्हणालात, "म्हंजे रक्तातनं न मिळालेलं बी आई देती, असंच ना? अगं, हे सांगायला थुंकी कशाला पायजे?" मी हसले नाही. मला वाटलं, तुम्हाला कळलेलं नाही.

आयांना तुम्ही जमवलंत. माझ्या शब्दावर त्यातली एकही आली नसती. तुम्ही उभ्या राहून सांगितलंत, "ही माझ्या हाताखालची पोरगी हाय. इथंच बसून बाराखडी शिकली. ती काय इचारंल ते खरं सांगा, तिच्याकडनं बाहेर जायचं नाय." माझ्या संमतीपत्रात हेच दीड पानात लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पोरं नळीत थुंकायला बसली. आधी अर्धा तास खाणंपिणं बंद, त्यामुळे सगळ्यांची तोंडं कोरडी, आणि नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ कुणाचीच जाईना. तुम्ही पर्समधून गाभुळलेली चिंच काढलीत, वर्गासमोर खुर्ची घेतलीत आणि मिटक्या मारत खायला लागलात. "बगा रं माझ्याकडं. कुणाला नाय द्यायची." पाच मिनिटांत नळ्या भरल्या. माझ्या प्रबंधात नमुना गोळा करण्याच्या पद्धतीचं प्रकरण आहे. त्यात चिंच नाही.

चार महिन्यांनी निकाल आले. सत्तेचाळीस नंबरची जोडी जुळत नव्हती. सख्खी आई आणि मूल असेल तर तपासलेल्या प्रत्येक जागी दोघांच्या डीएनएचं एक तरी अक्षर सारखं निघायलाच हवं. इथे शेकडो जागी निघत नव्हतं. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही यादीत नाव शोधलंत. मग म्हणालात, "सोडून दे ना ती एक. एवढी पोरं हायेत तुझ्याकडं." मी म्हणाले, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, पुन्हा घ्यावा लागेल, सोडता येत नाही, नियम आहे. "नियम हाय?" तुम्ही विचारलंत. हो म्हणाले. "बरं. ये मग. मी बी येते संगं." तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आणि तरी फोनवर तुम्ही ते सांगितलं नाहीत. ती गोष्ट त्या मुलीच्या आईने तुमच्या विश्वासावर सांगितलेली होती, ती मला द्यायची नव्हती. तेव्हा मला हे सुचलं नाही. मी मनात म्हटलं, बाईंनी नळ्यांवरची लेबलं चुकवलेली दिसतात.

त्या घरी आपण सकाळी गेलो. बाप मेंढरं घेऊन लांब गेलेला. हे कुटुंब दुसऱ्या तालुक्यातून येऊन इथे राहिलेलं, वस्तीवर त्यांचं मागचं कुणाला फारसं माहीत नव्हतं. मुलगी चौथीत होती, वर्गात वाचनात पहिली. ती अंगणात आईला मेंढ्यांच्या औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवत होती. आई शाळेत गेलेली नव्हती. घरात येणारा प्रत्येक कागद, बियाण्याची पिशवी, दवाखान्याची चिठ्ठी, ती लेकीकडून मोठ्याने वाचून घ्यायची, आणि समजलेलं असलं तरी म्हणायची, "पुन्यांदा वाच." तुम्ही मुलीला म्हणालात, "जा गं, ताईला पानी आन विहिरीवरचं. थंड आन." मी म्हणाले, थांबू दे, नळीत थुंकायचंय तिला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ते पाहणं मला आता दिसतं. तेव्हा मी फॉर्म काढत होते. मुलगी ओट्यावर नळी तोंडाला लावून बसली आहे, मी पेनाचं टोपण काढते आहे, आणि विचारते, "ही तुमच्याच पोटची ना?"

त्या बाईने आधी तुमच्याकडे पाहिलं. खरं सांगा, असं तुम्हीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "माझ्या थोरल्या भैनीची. ती बाळंतपणात गेली. मग तिच्याच जागी मला दिली." हे बोलून झाल्यावर तिला लेक आठवली.

मुलगी आईशी बोलली नाही. तिने तुम्हाला विचारलं, "बाई, खरं हाय का?" तुम्ही म्हणालात, "व्हय." मग तिने नळीला झाकण लावलं, आतल्या बाजूला बोट न लावता, मी शाळेत शिकवलं होतं तसं, आणि नळी माझ्या हातात दिली. लाळ रेघेच्या निम्म्यापर्यंतच होती. मी तिला आणखी भरायला सांगितलं नाही. त्या दिवशी मी केलेली बरी गोष्ट एवढीच.

पुढच्या रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. तुमच्या स्वयंपाकघरात मी लहानपणी कित्येकदा जेवले आहे, शाळा सुटल्यावर आईला यायला उशीर झाला की. तुम्ही खिचडीवर खट्टा, चिंचेचं ते आंबट सार, वाढत होतात आणि पाठ माझ्याकडे होती. मुलगी आजोळी निघून गेली होती, कन्नड गावाच्या पलीकडे. जाताना तिने आईचा हात धरू दिला नव्हता. मी म्हणाले, बाई, नियम होता. तुम्ही वळलात. चिडलात की तुमच्या तोंडी घरची दखनी बोली यायची. "इत्ता पढ के यहीच सीखी? नियम होता म्हणं." मग ताट माझ्यापुढे सरकवलंत. "खा. पोरगी चार दिवस जेवली नाय, तू तरी जेव." मी जेवले. सगळं संपवलं, कारण ताटात टाकलेलं तुम्हाला चालत नसे. माझ्या अख्ख्या शाळेच्या काळात तुम्ही मला एकदाही ओरडला नव्हतात. तो पहिला दिवस होता आणि त्यानंतर आपण समोरासमोर बोललो नाही.

तुम्ही एसटीने दोनदा तिच्या आजोळी गेलात. दुसऱ्या खेपेला ती तुमच्यासोबत परत आली. हे मला तुमच्याकडून कळलं नाही. पुढच्या वर्षी तुमच्या मूत्रपिंडाचं दुखणं वाढल्याचं कळलं. मी दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा प्रयोगशाळेत काम निघालं. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या प्रार्थनेला, मी आले. त्याच स्वयंपाकघराच्या दारात त्या मुलीची आई भांडी पुसत बसली होती. मला पाहून तिने जागा दिली. मी मुलीचं विचारलं. ती म्हणाली, "हाय. साळंत जाती. मला आईच म्हनती. पर कागद वाचून दावत नाय आता. म्हनती, तुझं तू बग." पुसलेला पेला तिने पुन्हा पुसला. मग म्हणाली, "बाई मला लई येळा म्हनल्या, त्या ताईवर राग धरू नगं. तिच्या कामात नियमच तसा हाय, तिनं नाय तर दुसऱ्यानं इचारलं असतं. म्हनून म्या धरला नाय. तसंच असतं ना ताई?"

मी मान डोलावली.

बाई, नियम तसा नव्हता. नियम उलटा होता. जोडी जुळली नाही तर ती वगळायची, कुणाला काही विचारायचं नाही, आणि घरी तर जायचंच नाही. तो माझ्याच प्रकल्पाच्या कागदात होता आणि मी तो वाचला होता. अदलाबदल झाल्याचंही मला खरं वाटत नव्हतं. नळ्या बदलल्या असत्या तर दोघींत नातं शून्याच्या आसपास दिसलं असतं. ते चतुर्थांश दिसत होतं. चतुर्थांश म्हणजे मावशी, आत्या किंवा आजी, आणि वयाचा रकाना माझ्यासमोरच होता. उत्तर मला फोन करण्याआधीच माहीत होतं. रक्तातलं निम्मं न देताही ज्या बाईच्या घरात मूल वर्गात पहिलं वाचतं, अशी एक जोडी माझ्या यादीत निघाली होती, आणि मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. एका जोडीने काही सिद्ध होत नाही हेही मला माहीत होतं. तुम्ही मला वाचवायला तुमचा शब्द खर्ची घातलात, आणि तो माझ्या खोट्यावर उभा होता.

आता मी नव्या मुलामुलींना क्षेत्रकामाआधी शिकवते. जुळलं नाही तर विचारायचं नाही, हे मी तीनदा सांगते. त्यांना मी कडक वाटते. शहराचं नाव फॉर्मवर आता वेगळं छापलेलं असतं, जन्मतारखेच्या रकान्यात एक जून अजून येतो, आणि मी तो दुरुस्त करायला देत नाही.

वगळलेल्या प्रत्येक जोडीपुढे कारण लिहावं लागतं. सत्तेचाळीसपुढे मी लिहिलं आहे, नमुना खराब. माझ्या सगळ्या कामात तेवढीच एक खोटी नोंद आहे. ती मी तुमच्या एक जूनसारखी, त्या मुलीसाठी केली, असं लिहायला मी हा कागद घेतला होता. तसं नाही. जुळत नाही, हे खरं कारण लिहिलं असतं तर त्या घरून मी दुसरी नळी का आणली, हे कुणीतरी विचारलं असतं.