बांबूची लाल चिंधी

मंगळवार, दिवेलागण. मुरुमच्या फाट्याजवळ, ढाब्यावर.

सकाळपासून इथंच अडकलोय. पुढच्या पुलाची परवानगी अजून आली न्हाय. बंदरातून आणलेल्या लष्कराच्या चिलखती गाड्या ताडपत्रीखाली, ट्रेलरवर तशाच उभ्या. माझं काम ट्रेलरच्या पुढं चालत बांबूनं विजेच्या तारा वर उचलायचं. ड्रायव्हरला दिसावं म्हणून बांबूच्या टोकाला बायकोच्या, शोभाच्या जुन्या साडीची लाल चिंधी बांधलीय.

इथून मुरुममधलं घर रिक्षानं अर्धा तास. पण माल सोडायचा न्हाय, कुठं आहोत ते बायकोलाही सांगायचं न्हाय, असा साहेबांचा हुकूम.

मघाशी शोभाचा फोन आला. "कुठं आहात?"

"लई लांब. पुण्याकडं." इतकं खोटं कसं काय बोललो मी?

ती म्हणाली, "शेजारचे आप्पा एसटीनं आले उमरग्याहून. फाट्यावर मोठ्या गाड्या बघितल्या म्हणे. तुमच्यासारखाच एक माणूस बांबू धरून उभा होता."

"असेल कुणीतरी."

"व्हय. बांबूला लाल चिंधी होती म्हणत होते."

 मग तिनंच फोन ठेवला. रागावली असेल का? चिंधी तरी सोडून ठेवायला पाहिजे होती.

आत्ता मुरुमकडून आलेली एसटी फाट्यावर थांबली. कंडक्टरनं खाली उतरून माझ्या हातात डबा ठेवला.

"कुणी दिला?"

"बाईंनी नाव सांगितलं न्हाय. लाल चिंधीवाल्याला द्या म्हणाल्या."

डबा अजून गरम आहे. झाकण उघडवत न्हाय.