सूज तशीच, आकडा खाली

गुरुवार, संध्याकाळ

धायरीच्या शांताबाई. किडलेल्या दाढेचा पू गळ्यापर्यंत उतरलेला, परवा चिरा देऊन काढला. तरी आज सकाळी सूज तशीच. सर म्हणाले, "पुन्हा चिरावं लागणार." मी म्हटलं, "सर, आधी आजचा सीआरपी बघू या?" संसर्ग ओसरू लागला की रक्तातला हा आकडा सुजेच्या आधी उतरतो, म्हणून. पण एवढा हट्ट का केला मी? चुकले असते तर बाईंचा श्वास अडकला असता. दुपारभर नुसती धाकधूक. चारला रिपोर्ट आला: आकडा निम्म्याहून खाली! सर इतकंच म्हणाले, "बरं, थांबू." मघाशी बाईंनी चमचाभर पेज गिळली आणि म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, मीठ कमी हाय." मीच हसत मीठ आणायला गेले.