सत्तेचाळीस नंबरच्या खणातलं पिल्लू

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची. सामान अजून खोक्यांत आहे, चहाचं भांडं कुठे दडलंय देव जाणे, पण मनासारखी नोकरी मिळाली की असल्या गोष्टींचं काही वाटत नाही. संग्रहालयाच्या तळघरात दोनशे दहा खण आणि त्यांत सरपटणाऱ्या प्राण्यांचे जीवाश्म. प्राणी कोणता ते ओळखायचं, चिठ्ठी लिहायची, पुढचा खण उघडायचा. दगडातल्या हाडांशी माझं पहिल्यापासून जमतं. ती उलट बोलत नाहीत.

भांडारपालांना इथे सगळे किल्लीमामा म्हणतात. त्यांनी आल्या आल्या नियम सांगितला की जुनी ओळखचिठ्ठी फाडायची नाही, खोडायची नाही. चूक वाटली तर नवी लिहून वर लावायची, सगळ्यांत वरची ती खरी. मी म्हटलं, मामा, हा नियम सगळीकडे हाच आहे, मी काय काल जन्मले? ते हसले नाहीत.

संचालकबाईंनी भिंगरीला शाळा सुटल्यावर माझ्याजवळ बसायची परवानगी दिली. हिचा बाबा वर्षातले आठ महिने बोटीवर, मी नाही तर कोण बघणार? लेक सात वर्षांची, आणि सात मिनिटं एका जागी टिकत नाही, म्हणून भिंगरी. तळघर तिला फार आवडलं.

शुक्रवार, ८ मार्च

खण सत्तेचाळीस. मांजराएवढा प्राणी, मगरीच्या चुलत घराण्यातला. माझ्याआधीच्या सरांची चिठ्ठी वाचून हसूच आलं: ‘प्रौढ. शेपटीचं मूळ नाही. डावा मागचा पाय नाही.’ अहो, दोन्ही समोर धडधडीत दिसतायत! डोळे होते की बटणं? डोक्याकडचा दगडही तसाच ठेवलेला. आळस, दुसरं काय.

दोन दिवस सुईने टोकरून मी तो काढला. मणक्यांच्या शिवणीही तपासल्या. प्राणी वाढला की त्या जुळून येतात. ह्याच्या सगळ्या उघड्या आहेत. म्हणजे हे पिल्लू. संचालकबाईंनी स्वतः भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या की इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. नवी चिठ्ठी लिहून वर लावली: ‘पिल्लू. नाहीत ते भाग: वरचे पुढचे दोन दात, डाव्या हाताची करंगळी, उजव्या दंडाचं हाड, खालचा जबडा, कवटीची वरची बाजू.’ रिकाम्या जागा टिपण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

सोमवार, ११ मार्च

भिंगरीचे वरचे पुढचे दोन दात पडले, एकाच दिवशी. ह्या वयात पडायचेच. बोळक्या तोंडाने शिट्टी वाजवायचा प्रयत्न चाललाय आणि माझं डोकं उठलंय. दात कुठे गेले विचारलं तर म्हणते माहीत नाही. गिळले असतील.

बुधवार, १३ मार्च

फोटोसाठी सत्तेचाळीस पुन्हा उघडला. वरच्या जबड्यात पुढे दोन दात आहेत. मी ‘नाहीत’ लिहिलं होतं. बाकी सगळं काळपट, टोकदार. हे दोन पांढरे आणि चपटे.

सरांना हसले होते. आता मीच आंधळी ठरले. पण माझी नजर इतकी कच्ची नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

किल्लीमामांना विचारलं की खण कुणी उघडला होता. म्हणाले, किल्ली माझ्या कमरेला असते, कोण उघडणार? मग आपणहूनच म्हणाले की पोरीला इथे आणत जाऊ नका. कारण विचारलं तर चष्मा पुसत बसले.

शुक्रवार, १५ मार्च

बूट घालताना भिंगरीची डावी करंगळी मागे मनगटापर्यंत दुमडली. तिला दुखलं नाही. ती हसत होती, गंमत म्हणून पुन्हा पुन्हा करून दाखवत होती.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. करंगळीत हाड नाही. ते म्हणाले की मशीन बिघडलं असणार, सोमवारी परत काढू. मी ती करंगळी हातात धरून बसले होते. हातमोज्याचं रिकामं बोट असावं तशी.

शनिवार, १६ मार्च

खणात करंगळी आहे. पांढरी. इवलीशी.

किल्लीमामांकडून पत्ता घेऊन सरांकडे गेले. ते बहिणीकडे राहतात, कायम पालथे पडून. माकडहाड नाही, बसता येत नाही. डावा पाय चादरीखाली सपाट. त्यांनी सांगितलं की आपण ‘नाही’ लिहितो ते हा प्राणी भरून काढतो, चिठ्ठीतल्या क्रमाने, तळघरात वावरणाऱ्या माणसांतून. म्हणून त्यांनी डोक्याकडचा दगड काढला नव्हता. दिसलं नाही तर लिहावं लागत नाही. आणि मी त्यांना आळशी म्हटलं.

चिठ्ठी फाडून उपयोग नाही, जाळूनही नाही; त्यांनी दोन्ही करून पाहिलंय. ‘सगळं आहे’ असं लिहिलं तरी तो प्राणी फसत नाही. रिकामी जागा त्याला कळते. वय मात्र कळत नाही, आपण सांगू तेच खरं धरतो.

सरांनी विचारलं की तुम्ही काय लिहिलंत. म्हटलं, पिल्लू. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तळघरात येणारं लहान मूल एकच आहे.

रविवार, १७ मार्च

उजवा दंड. सकाळी उठली तर हात लोंबतोय. रडत नाहीये, नुसतं विचारते, आई, कधी बरा होईल? मी काय सांगू?

संग्रहालय बंद. किल्लीमामा फोन उचलत नाहीत. यादीत पुढे खालचा जबडा. आणि मग —

माझ्या हाताने लिहिलंय मी हे. माझ्याच हाताने.

सोमवार, १८ मार्च

दार उघडताच खाली गेले. नवी चिठ्ठी. ‘प्रौढ. नाहीत ते भाग: खालचा जबडा, कवटीची वरची बाजू.’ शिवणी उघड्या दिसत असताना लिहिलं. जन्मात पहिल्यांदा खोटी ओळख लिहिली.

घे म्हटलं. माझं घे.

मंगळवार, १९ मार्च

भिंगरी बिस्किटं खातेय. तोंडाची टकळी चालू. तिचा जबडा जागेवर आहे.

माझा गेला. दुखलं नाही. रुमाल बांधलाय, पाणी चमच्याने घेते. तिला लिहून दाखवलं की दाढ दुखतेय. संचालकबाईंना कळवलं, आजारी आहे.

बहिणीला निरोप पाठवला की उद्या येऊन हिला घेऊन जा, पुन्हा ह्या गावात आणू नको. आता यादीत एकच उरलंय, ते माझ्या वाट्याचं. भीती वाटते. पण बरंही वाटतंय. खरंच.

बुधवार, २० मार्च

संचालकबाईंचा निरोप आला. लिहितात की प्रत्येक नवी चिठ्ठी मी नजरेखालून घालते. सत्तेचाळीसला तुमच्याकडून घाईत चूक झाली, तब्येतीमुळे असेल. शिवणी उघड्या आहेत, तुमची पहिली ओळखच बरोबर. काळजी करू नका, सकाळीच दुरुस्त करून नवी चिठ्ठी लावली. पिल्लू.

सकाळीच.

लिहून पाठवलं, तिच्यावर पुन्हा ‘प्रौढ’ची चिठ्ठी लावा, पाया पडते. वाचलं नाही त्यांनी. किल्लीमामांना फोन लावला. उचलला. हॅलो, हॅलो म्हणत राहिले. मी बोलू कशाने —

गाडी बोलावलीये. दहा मिनिटं —

भिंगरी कंगवा घेऊन आली. मावशी येणार म्हणून वेणी घालून हवी. पुढ्यात बसलीये. म्हणते, आई, डोकं हलकं हलकं वाटतंय —

नको. हात नाही लावणार —

ती स्वतःच कंगवा डोक्यावर ठेवून —