शांताचा कावळा

बरकतपुरा, हैदराबाद
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. गौतम,

आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा दुखतो, नळाला एक दिवसाआड पाणी येतं, आणि वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा कबुतरांना ज्वारी घालायला सुरुवात केली आहे. तुझी विज्ञानकथा मिळाली. दिवाळी अंकाला पाठवण्याआधी तुझी आई शुद्धलेखन पाहायची. ती नाही, म्हणून मावशीकडे आलास. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेन्सिलीने दाखवल्या आहेत. फार नाहीत. आता माझं ऐक.

तुम्हा विज्ञानकथा लिहिणाऱ्यांचं एक ठरून गेलेलं असतं. माणसासारखं दिसणारं यंत्र आणायचं, त्याला जगातलं सगळं गणित येतं म्हणून सांगायचं, मग त्याच्यासमोर एखादं मरण, नाहीतर तान्हं मूल, नाहीतर मावळता सूर्य ठेवायचा. यंत्र गोंधळतं. 'हे माझ्या आकलनापलीकडचं आहे' म्हणतं. आणि शेवटच्या ओळीत त्याच्या काचेच्या डोळ्यातून थेंब पडतो. वाचणारा खूश, कारण तो यंत्रापेक्षा मोठा ठरला. रडता येतं एवढ्या भांडवलावर.

मी जन्मभर तारनाक्याच्या रेल्वे प्रशिक्षण संस्थेत पोरांना सिग्नल शिकवले. पहिल्या तासाला एकच सांगत असे: तार तुटली, वीज गेली, काहीही कळेनासं झालं, तर सिग्नलने लाल व्हायचं. गाडी थांबते. लोक शिव्या देतात, पण मरत नाहीत. आकलन संपलं की यंत्र लाल होतं, गौतम. ओलं होत नाही.

आणि तुझी ही शांता. मरणाऱ्या बाईची शुश्रूषा करणारी, कधी खोटं न बोलणारी, पांढऱ्या केसांची यंत्रबाई. बाई जाते, सगळे रडत असतात, आणि शांता म्हणते, "दूध उतू चाललंय, गॅस बंद करा." हे वाक्य माझं आहे. पद्मा, तुझी आई, गेली त्या सकाळी तू व्हिडिओवर होतास, ऐकलं असशील. कपाळावरचा चष्मा घरभर शोधण्याची लकबही माझीच. मला यंत्र केलंस त्याचा राग नाही. यंत्रांचा मी बऱ्याच माणसांपेक्षा जास्त आदर केला आहे. राग आहे तो शेवटी तू तिला काय करायला लावलंस त्याचा.

दहाव्याचा पिंड ठेवलाय, कावळा शिवत नाही. पक्ष्याची भूक आणि मेलेल्या बाईची इच्छा यांचा संबंध नाही हे शांताला ठाऊक आहे. तरी ती पुढे होते, हात जोडते, "तुमच्या मुलाला मी सांभाळीन" म्हणते, आणि कावळा झडप घालतो. शांताच्या डोळ्यांत पाणी. समाप्त.

सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितोस, 'हे तू सांगितल्यावरूनच सुचलं, मावशी. कावळा लगेच शिवला म्हणालीस ना. म्हणजे आईचं माझ्याबद्दल काही राहिलं नव्हतं. मग वर्षश्राद्धाला रॉटरडॅमहून यायची खरंच गरज आहे का? प्रमोदकाका करतीलच.'

याचं उत्तर द्यायला मी बसले, आणि पानभर तुझ्या शांताबद्दलच लिहून झालं.

मागच्या वर्षी तुझ्या व्हिसाचं नूतनीकरण अडकलं होतं. निघाला असतास तर परत जाता आलं नसतं. हे मला समजतं. पद्मालाही समजत होतं. शेवटी ती माझ्याकडेच होती, पुढच्या खोलीत. दारावरची बेल वाजली की विचारायची, "गौतम का?" मी सांगायची, "दूधवाला." दूधवालाच असायचा. एकदा म्हणाली, "नुसतं हौ म्हण की गं, तुझं काय जातं?" मी म्हटलं, दूधवाल्याला गौतम म्हणायला आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं नाही. ती हसली. खोकला येईपर्यंत हसली.

आता घाटावरचं सांगते. अंबरपेटला मुसीच्या काठी प्रमोदरावांनी पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. घारी होत्या, कबुतरं होती. आम्हाला आणणारा ऑटोवाला कठड्याला टेकून बघत होता. म्हणाला, "कव्वे कां हैं अम्मा अब, सब कबूतरांच हो गए." बरोबर उत्तर होतं. मलाही ठाऊक होतं.

प्रमोदराव हात जोडून म्हणाले, वहिनी, तुमचा देव्हारा आम्ही सांभाळू. कावळा नाही. तुमच्या तुळशीला पाणी घालू. नाही. ऊन चढलं. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं, ते घड्याळ बघायला लागले. मग प्रमोदराव माझ्यापाशी आले.

"भामाताई, काय राहिलंय ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही थोरल्या. एकदा म्हणून टाका, गौतम येईल."

"तो येईल की नाही ते मला माहीत नाही."

"अहो, कावळ्याला सांगायचंय. कोर्टात नाही."

मी ते म्हटलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी खांबासारखी उभी होते. लाल. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, आणि आम्ही घरी येऊन आंघोळी केल्या.

संध्याकाळी तुझा फोन आला. "शिवला का?" विचारलंस. शाळेत असताना निकाल विचारायचास तोच आवाज. मी म्हटलं, "हौ. लगेच."

जी गेली होती, जिला आता काही ऐकू येणार नव्हतं, तिच्याशी मला खोटं बोलवलं नाही. ज्या पक्ष्याला भाषा कळत नाही, जो आलाही नव्हता, त्याच्यासमोरही नाही. आणि ज्याला सगळं कळतं त्याच्याशी मी श्वासही न घेता बोलले. वर्ष होत आलं, मी हे उलटसुलट मांडून पाहते आहे. बसत नाही. तुला आकलनाची सीमा लिहायची होती ना, तर ही घे. तिथे काही अद्भुत घडत नाही. कबुतरं समजलेली असतात, व्हिसा समजलेला असतो, बहीण काय मागत होती तेही समजलेलं असतं. शब्द मात्र जिथे हवा तिथे निघत नाही आणि नको तिथे निघून जातो.

कथा परत पाठवते आहे. कावळा ठेवायचा असेल तर ठेव, गोष्ट तुझी आहे. पण तो माझ्या सांगण्यावरून आला असं कुणाला सांगू नकोस, स्वतःलाही नको. 'आईस' म्हणून अर्पण केली आहेस, त्या ओळीला मी हात लावलेला नाही.

वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. तिथी पाहून प्रमोदराव तारीख कळवतील. नाही आलास तरी ते नीट करतील, त्यात कमी पडायचं नाही. फक्त त्या संध्याकाळी फोन करून विचारलंस, तर या वेळी जे झालं असेल तेच सांगेन.

दूधवाला अजून त्याच वेळी येतो. आता पुढच्या खोलीतून कुणी विचारत नाही. तरी बेल वाजली की कडी काढण्याआधी मी जरा थांबते.

तुझी मावशी,
भामा